परमुलुखांतील बिऱ्हाड

प्रवास हा शब्द आपण मराठींत एका गांवाहून दुसऱ्या गांवीं जाणें या अर्थीं वापरतों. संस्कृतांत मात्र त्याचा मूळ अर्थ जाणें हा नसून राहणें हा आहे. वस् म्हणजे राहणें. त्यास प्र हा उपसर्ग लागला म्हणजे घर सोडून दूर राहणें असा अर्थ होतो. म्हणूनच जिचा पति परदेशीं राहिला आहे अशा स्त्रीस साहित्यशास्त्रांत प्रोषितभर्तृका म्हणतात. हा अर्थभेद सांगण्याचें कारण असें कीं, ज्या देशाविषयीं आम्ही लिहिणार आहों तो पाहून येणारे पुष्कळ आहेत, आणि तेथील अरण्यांचीं व ज्वालामुखींचीं छायाचित्रें कोणासही घरबसल्या मिळतात. परंतु तेथें बिऱ्हाड करून राहणाऱ्या परक्या माणसास काय शिकावें लागतें, काय सोडावें लागतें, आणि यजमान देशाचें तो काय देणें लागतो, याचा विचार क्वचितच वाचावयास मिळतो.

आमच्या चिरंजीवांनीं मध्य अमेरिकेंतील कोस्टा रिका या देशांत वैद्यकीय उपकरणें तयार करणाऱ्या एका कारखान्यांत नोकरी धरली. पुढें ‘आतां आपण दोघांनींही येथेंच येऊन राहावें’ असा त्यांचा व सूनबाईंचा आग्रह सुरू झाला. त्या निमित्तानें आम्ही उभयतां दोन वेळां तेथें जाऊन राहिलों. एकदां पावसाळ्यांत व एकदां कोरड्या ऋतूंत. हाच प्रश्न आज निरनिराळ्या देशांच्या नांवांनीं अनेक मराठी घरांत उभा आहे. म्हणून जें पाहिलें तें वाचकांपुढें मांडीत आहों.

देश लहान आहे. उत्तरेस निकाराग्वा, आग्नेयेस पनामा, एका बाजूस प्रशांत महासागर व दुसऱ्या बाजूस कॅरिबियन समुद्र, अशा चिंचोळ्या पट्टींत तो वसला आहे. क्षेत्रफळ सुमारें ५१ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण सहाव्या हिश्श्याएवढें. वस्ती ५० लाखांच्या आसपास. राजधानी सान होसे आणि आपल्याकडील कोची हीं दोन्ही नगरें जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. परंतु कोची समुद्रकांठीं घामानें निथळत असतें, तर सान होसे समुद्रसपाटीपासून सुमारें ११५० मीटर उंचीवरील एका विस्तीर्ण खोऱ्यांत, म्हणजे आपल्या पांचगणीहून थोड्या कमी उंचीवर आहे. तेथें पंखा लागत नाहीं व रजईही लागत नाहीं. आमचें बिऱ्हाड या राजधानीच्या उत्तरेस एरेदिया या गांवीं होतें. घरामागें कॉफीचे मळे व दूर ढगांत बुडालेलें ज्वालामुखीचें शिखर, असा देखावा.

ऋतु तेथें दोनच. मे ते नोव्हेंबर पावसाचे दिवस. डिसेंबर ते एप्रिल कोरडे. नवख्यास गोंधळ होतो तो त्यांच्या नांवांनीं. पावसाळ्यास तेथील लोक हिवाळा म्हणतात व कोरड्या दिवसांस उन्हाळा. दक्षिण स्पेनमध्यें पाऊस हिवाळ्यांत पडतो. तेथून आलेल्या वसाहतवाल्यांनीं आपल्या ऋतूंचीं नांवें जशींच्या तशीं नव्या भूमीवर लाविलीं. पावसाळ्यांतही सकाळ बहुधा लख्ख उघडी असते. दुपारीं ढग उतरतात आणि मग घटकाभर असा पाऊस कोसळतो कीं समोरचें घर दिसेनासें होतें. म्हणून बाजारहाट, कपडे वाळविणें, कचेऱ्यांतील कामें हीं सर्व माध्यान्हापूर्वीं उरकण्याची तेथें रीत आहे. बारा महिने सायंकाळीं सहाच्या सुमारास अंधार पडतो व पहाटे पांचाच्या पुढें उजाडतें. तेथील घड्याळ आपल्याहून साडेअकरा तास मागें चालतें. येथें रात्रीचे आठ वाजले म्हणजे तेथें सकाळचे साडेआठ. ज्यांचीं मुलें तेथें आहेत त्यांनीं हा हिशेब ध्यानांत ठेवावा. निदान अवेळीं घंटा वाजवून नातवंडांची झोंप मोडली जाणार नाहीं.

भाषा स्पॅनिश. आम्ही जन्मभर मुलांस विभक्ति व लकार घोकविले, त्यामुळें या भाषेंतील एका गोष्टीनें आम्हांस विशेष आनंद झाला. समोरच्या माणसास आदरानें संबोधण्यासाठीं तींत ‘उस्तेद’ असा शब्द आहे. त्याचें मूळ ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या एका जुन्या उपचारवचनांत असल्यामुळें त्याच्यापुढें क्रियापद द्वितीय पुरुषाचें न येतां तृतीय पुरुषाचें येतें. ‘त्वं गच्छसि’ परंतु ‘भवान् गच्छति’, हें ज्यास ठाऊक आहे त्यास ही वाट ओळखीची वाटेल. इतर पुष्कळ स्पॅनिशभाषी देशांत हा शब्द वडीलधाऱ्यांसाठीं व परक्यांसाठीं राखून ठेवितात. कोस्टा रिकांत मात्र आई आपल्या लहान मुलासही उस्तेद म्हणते, मित्र मित्रास म्हणतो, फार काय, घरचा कुत्राही या मानास पात्र ठरतो. सलगीसाठीं ‘बोस’ असा दुसरा शब्दही तेथें चालतो. परंतु परक्यानें उस्तेद धरून राहावें, म्हणजे कोठेंही अडत नाहीं.

आपल्या बोलींतील कांहीं शब्दांचे भाऊबंदही तेथें भेटतात. पोर्तुगीज लोकांनीं गोव्याच्या मार्गें आपणांस पाव दिला, पगार हा शब्द दिला आणि मेस्त्री हाही दिला. स्पॅनिश ही पोर्तुगीजची सख्खी बहीण. तींत पावास ‘पान’ म्हणतात, पैसे चुकते करण्यास ‘पागार’ म्हणतात, आणि ‘माएस्त्रो’ म्हणजे कुशल कारागीर, तसाच शाळामास्तरही. कोपऱ्यावरील वाणी आम्हांस माएस्त्रो म्हणून हांक मारूं लागला, तेव्हां सेवानिवृत्तीनंतर पुन्हा कोणी नेमणूक करावी तसें वाटलें. शाळेंतील शिक्षिकेस मात्र मुलें ‘निन्या’ म्हणतात. त्याचा अर्थ मुलगी! केस पिकलेल्या बाईही विद्यार्थ्यांच्या तोंडीं मुलगीच राहतात.

नव्या माणसास खरें कोडें पडतें तें पत्त्यांचें. रस्त्यास नांव व घरास क्रमांक लिहून पत्ता सांगण्याची पद्धत तेथें रुळलेलीच नाहीं. देवळापासून दोनशें मीटर दक्षिणेस व पन्नास मीटर पूर्वेस, असा पत्ता सांगतात. त्यांतही शंभर मीटर म्हणजे मोजलेले शंभर मीटर नव्हेत. एका चौकापासून दुसऱ्या चौकापर्यंतचें अंतर, मग तें प्रत्यक्षांत कितीही असो. सान होसेच्या पूर्वेस सान पेद्रो म्हणून वस्ती आहे. तेथील एक खूण ‘जुना इगेरोन’ ही होय. इगेरोन हें आपल्या वडाच्या कुळांतील झाड. तें कधींच नाहींसें झालें आहे. तरी लोक आजही त्या नसलेल्या झाडापासून उजवीकडे वळा म्हणून सांगतात. परक्यास यांतून एवढें कळतें कीं, या गांवांत चालावयाचें तर येथील माणसांची आठवण वाटून घेतली पाहिजे. दिशा विचारल्याखेरीज गत्यंतर नाहीं, आणि विचारलें म्हणजे बोलणें होतें, व बोलणें झालें म्हणजे ओळख होते.

आमच्या भगिनींस स्वयंपाकघराविषयीं जिज्ञासा असेल. सकाळच्या न्याहारीस तेथें ‘गायो पिंतो’ करतात. आदल्या दिवशींचा भात व शिजविलेला काळा घेवडा कांदा, कोथिंबीर घालून एकत्र परततात. आपल्या फोडणीच्या भाताचा हा दूरचा भाऊच. दुपारच्या ताटास ‘कासादो’ म्हणजे विवाहित असें नांव आहे. भात, घेवडा, कोशिंबीर, तळलेलें पिकें केळें व बहुधा मांस किंवा मासळी असा त्या ताटाचा संसार. शाकाहारी माणसानें तेथें नुसतें ‘मांस नको’ म्हणून भागत नाहीं, कारण त्या शब्दानें पुष्कळांस गोमांस तेवढें कळतें. कोंबडी नको, मासळी नको, डुकराचें मांस नको, असें एकेक सांगावें लागतें, आणि घेवड्यांत चरबी घातली आहे काय हेंही पुसावें लागतें. असें सविस्तर सांगितल्यावर कोणी तोंड वांकडें केल्याचें आम्हीं पाहिलें नाहीं.

सर्वांत मौज वाटली ती गुळाची. उंसाचा रस आटवून तेथें गूळच करतात. त्यास ‘तापा दे दुल्से’ म्हणतात व गुऱ्हाळास ‘त्रापिचे’. तो गूळ उकळत्या पाण्यांत विरघळवून ‘आग्वा दुल्से’ म्हणजे गोड पाणी करतात व थंडीपावसांत तें कढत कढत पितात. उन्हांतून आलेल्यास गूळपाणी देण्याची आपली चाल. तेथें तें भिजून आलेल्यास देतात. आमच्या गृहस्वामिनींनीं त्याच गुळाच्या पोळ्या करून शेजारीं पाठविल्या, आणि दुसऱ्या दिवशीं वाटी मक्याच्या भाकरींनीं भरून परत आली. रिकामी वाटी परत करूं नये हा धर्म तेथेंही आहे.

या भूमींत परकें कोण, असा विचार करूं लागलें म्हणजे मनुष्य चक्रावतो. ज्या कॉफीवर हा देश गेल्या शतकाच्या आधीं श्रीमंत झाला, ज्या कॉफीच्या निर्यातीवरील करांतून सान होसेचें १८९७ सालीं उघडलेलें राष्ट्रीय नाट्यगृह उभारूं लागले, ती कॉफी मूळची आफ्रिकेंतील. केळें, ऊंस व आंबा आशियांतील. गुआनाकास्ते प्रांतांत वशिंडाचीं पांढरीं गुरें चरतांना दिसलीं, त्यांच्या जातीस चक्क ‘ब्राह्मण’ हें नांव आहे. गीर, कांकरेज, ओंगोल व कृष्णाकांठच्या गुरांच्या वंशांतून ती जात संयुक्त संस्थानांत सिद्ध झाली व तेथून सर्व अमेरिकेंत पसरली. उलट आपल्या घरांतील मिरची, मका, पेरू, पपई, काजू, अननस, सीताफळ हीं अमेरिका खंडांतून आलेलीं. ज्यांवांचून आपलें पान मांडतां येत नाहीं त्यांतील निम्मे पाहुणेच आहेत. परकेपण हें जन्मावरून ठरत नाहीं, मूळ धरण्यावरून ठरतें, असें हीं झाडें सांगतात.

आतां माणसांकडे वळूं. या देशांत उतरणाऱ्यास पहिलें नांव दिसतें तें विमानतळाचें: हुआन सांतामारिया. हा आलाहुएला गांवचा एक गरीब नगारा वाजविणारा पोरगा. १८५५ च्या सुमारास विल्यम वॉकर नांवाचा एक अमेरिकन गृहस्थ भाडोत्री शिपाई घेऊन निकाराग्वांत शिरला व पुढें तेथील अध्यक्ष होऊन बसला. गुलामगिरी पुन्हा सुरू करण्याचाही त्याचा उद्योग होता. त्याच्याशीं लढतांना रिवास येथें ११ एप्रिल १८५६ रोजीं शत्रूच्या ठाण्यास आग लावीत असतां हा मुलगा पडला, अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे. परका माणूस किती उन्मत्त होऊं शकतो, याची आठवण देशाच्या दारावरच लिहिलेली आहे.

दुसरें उदाहरण याच्या अगदीं उलट. १९४८ सालीं या देशांत यादवी झाली. तींत जय मिळविलेले होसे फिगेरेस यांनीं १ डिसेंबर १९४८ रोजीं सैन्यच बरखास्त केलें. राजधानींतील बेयाविस्ता नांवाच्या लष्करी ठाण्याच्या भिंतीवर त्यांनीं स्वहस्तें घण घातला, आणि त्या ठाण्यांत पुढें राष्ट्रीय वस्तुसंग्रहालय झालें. १९४९ च्या घटनेच्या १२ व्या कलमानें कायम सैन्यास मनाई केली. ही वार्ता अमेरिकेंतील अलाबामा संस्थानांतील क्वेकर पंथाच्या कांहीं शेतकऱ्यांनीं ऐकिली. सैन्यभरतीसाठीं नांव नोंदविण्यास नकार दिल्यामुळें त्यांच्यांतील चौघांस कारावास घडला होता. १९५१ च्या सुमारास तीं कुटुंबें मोंतेवेर्दे या डोंगरांत येऊन राहिलीं. वाट इतकी बिकट कीं दूध नासण्यापूर्वीं बाजारीं पोंचत नसे. म्हणून त्यांनीं चीज करण्याचा धंदा काढिला. मुख्य गोष्ट ही कीं, घेतलेल्या जमिनीपैकीं झऱ्यांच्या उगमाकडील मोठा भाग त्यांनीं नांगरला नाहीं. अरण्य म्हणून राखून ठेविला. आज जग ज्या मेघारण्यास पाहावयास जातें त्याचा आरंभ त्या राखलेल्या रानापासून आहे. येणाऱ्यानें आल्या आल्या काय घेतलें यापेक्षां काय हात न लावतां सोडलें, यावर त्याची परीक्षा होते.

तिसरा प्रकार आजचा. दरमहा किमान १००० डॉलर निवृत्तिवेतन असलेल्या परकीयास तेथें राहण्याचा परवाना मिळूं शकतो, व तो मिळाला म्हणजे १९४१ सालीं स्थापन झालेल्या सार्वजनिक आरोग्यनिधींत त्यानें वर्गणी भरावी लागते. समुद्रकांठीं असे वृद्ध अमेरिकन पुष्कळ. कायद्यानें भरतीच्या रेषेपासून पहिले ५० मीटर किनारा सर्वांचा ठेविला आहे हें चांगलें. परंतु त्यामागील जमिनीचे भाव एवढे चढले आहेत कीं, कित्येक गांवांत तेथल्याच कोळ्याच्या मुलास घर बांधणें अवघड झालें आहे.

आणि चौथा परका, ज्याच्याविषयीं प्रवासी सहसा लिहीत नाहींत, तो निकाराग्वाचा मजूर. २०११ च्या खानेसुमारींत निकाराग्वांत जन्मलेले सुमारें २ लक्ष ८८ हजार लोक तेथें होते. २०१८ च्या दंगलींनंतर आणखी हजारों आश्रयास आले. घरें बांधणारे, केळीच्या बागांत राबणारे, श्रीमंतांचीं मुलें सांभाळणाऱ्या बायका, यांत त्यांचा भरणा मोठा. कॉफीच्या तोडणीस ते येतात, आणि पनामाच्या डोंगरांतून न्गाबे जमातीचीं कुटुंबेंही लेंकरेंबाळें घेऊन येतात. आमच्या घरामागील मळ्यांत कमरेस टोपली बांधून लाल फळें तोडणारीं हीं माणसें आम्हीं रोज पाहिलीं. मजुरी टोपल्यांच्या मापावर. एका सकाळीं त्यांतील एका म्हाताऱ्यास आम्हीं सवयीनें ‘उस्तेद’ म्हणून कोठले म्हणून पुसलें. त्यानें टोपी काढली, गांव सांगितलें, व ‘आपण?’ म्हणून उलट विचारलें. आम्हीं भारत सांगितल्यावर तो म्हणाला, “म्हणजे आपण दोघेही लांबचेच.” त्या दिवसापासून आम्हांस एक गोष्ट बोंचत राहिली. आम्हांस वाणी माएस्त्रो म्हणे. त्यास मात्र दुकानांत कोणी काय म्हणत असे तें आमच्या कानांवर आलें होतें. परका तोही व परके आम्हीही. फरक होता तो विमानाच्या तिकिटाचा.

हा देश स्वर्ग आहे असें मात्र कोणी समजूं नये. सैन्य नाहीं म्हणून चोर नाहींत असें नाहीं. घराघरांस लोखंडी गज आहेत, आणि अमली पदार्थांच्या व्यापारापायीं २०२३ सालीं ९०० हून अधिक खून होऊन त्या देशाच्या इतिहासांतील उच्चांक झाला. भूमि वारंवार हालते. १९१० च्या भूकंपांत कार्तागो हें जुनें राजधानीचें नगर जमीनदोस्त झालें. डासांपासून डेंग्यूचें भय आपल्याइतकेंच. समुद्राचे आंत ओढणारे प्रवाह दरवर्षीं पोहणाऱ्यांचे प्राण घेतात. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाचे ८ टक्के खर्चावे असा दंडक २०११ सालीं घटनेंत घातला खरा, परंतु तो पाळला जात नाहीं ही तेथील शिक्षकांची तक्रार आम्हांस अगदीं घरची वाटली. तथापि जेथें प्राथमिक शिक्षण १८६९ सालींच मोफत व सक्तीचें ठरलें, आणि जेथें ठाण्याचें वस्तुसंग्रहालय होतें, तेथें मास्तराचें मन रमलें यांत नवल नाहीं.

मध्य अमेरिकेनें स्पेनची सत्ता १५ सप्टेंबर १८२१ रोजीं झुगारली. कोस्टा रिकांत ती बातमी पोंचण्यास जवळजवळ महिना लागला. त्या दिवसाच्या आदल्या सायंकाळीं सहा वाजतां देशभर राष्ट्रगीत होतें आणि शाळांतील मुलें हातांत कागदी कंदील घेऊन रस्त्यांतून फिरतात. आमच्या सहा वर्षांच्या नातवाचा कंदील त्याच्या आजीनें दिवाळीच्या आकाशकंदिलाच्या धर्तीवर करून दिला. पुठ्ठ्याचा सांगाडा, पतंगाचा कागद, खालीं झिरमिळ्या. मिरवणुकींत तो चांगला उठून दिसला. घरीं परततांना त्यानें विचारलें, “आजोबा, आपला स्वातंत्र्यदिन संपला का?” आम्हीं सांगितलें कीं १५ ऑगस्ट तर महिन्यापूर्वींच होऊन गेला. तो क्षणभर थांबला व म्हणाला, “तो नव्हे, आपला.” सूनबाई आमच्याकडे पाहूं लागल्या. आम्ही कांहीं बोललों नाहीं. मुलानें ज्या मातींत अक्षरें गिरविलीं ती त्यास आपली वाटली, यांत रागावण्यासारखें काय आहे? परंतु त्या रात्रीं झोंप लौकर लागली नाहीं, हेंही खरें.

मग आम्हीं काय ठरविलें? तेथें कायमचें जाऊन राहावयाचें नाहीं, असें ठरविलें. भय हें त्याचें कारण नव्हे, आणि आहाराची अडचण हेंही नव्हे. साठीनंतर भाषा शिकतां येते. परंतु मूळ धरण्यास जीं वर्षें लागतात तीं आमच्याजवळ नाहींत, आणि केवळ स्वस्त हवापाणी भोगणारा परका होऊन राहणें आम्हांस रुचेना. चिरंजीवांस मात्र आम्हीं ‘परत या’ असें म्हटलें नाहीं. तीन गोष्टी तेवढ्या सांगितल्या. घरांत मराठी बोलावी, म्हणजे नातवास दोन ‘आपलीं’ राहतील. देशाचा कर व निधीची वर्गणी बिनतक्रार भरावी आणि शेजाऱ्याची वाटी रिकामी पाठवूं नये. आणि ज्या मुखानें कारखान्याच्या व्यवस्थापकास उस्तेद म्हणतां त्याच मुखानें अंगणांत गवत कापावयास येणाऱ्या निकाराग्वाच्या माणसासही म्हणावें.

ज्यांचीं मुलें अशा दूर देशीं निघालीं असतील त्या मातापित्यांनीं सामानांत लोणचें, पापड अवश्य बांधून द्यावे. परंतु निरोप देतांना तुम्ही तेथें काय मिळविणार एवढेंच न विचारतां, तुम्ही तेथें कोणत्या प्रकारचे परके होणार, हेंही एकदां विचारावें. त्याचें उत्तर मुलांस लगेच देतां येणार नाहीं. तें शेजारीं राहणाऱ्या माणसांकडून कांहीं वर्षांनीं आपोआप कळतें.